आधी निंफ की आधी ड्राय फ्लाय?

ट्राउटच्या नादी लागलेल्या नवशिक्याला जाणकारांचा ठरलेला सल्ला असतो : आधी निंफ शीक, ड्राय फ्लाय मागाहून. पिसं नि दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ पाण्याखालून वाहू देणं सोपं. तो पाण्यावर तरंगत ठेवणं हे मुरलेल्यांचं काम. या पक्षाकडे पुरावा आहे. ट्राउट बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतो. जी. ई. एम. स्क्यूज यांनी इंग्लंडातल्या इचेन नदीवर ते पारखलं आणि १९१०च्या पुस्तकात मांडलं. दिवसाकाठी मासे किती, एवढाच हिशेब असेल तर माझी हार कबूल. शिकायचं असेल तर मात्र हा क्रम उलटा आहे.

ड्राय फ्लायला एवढं सोवळं नेसवलं कोणी? मुख्यतः हॅम्पशरच्या टेस्ट नदीवर रमलेल्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी. १८८६ आणि १८८९ सालच्या त्यांच्या ग्रंथांतून दंडक रुजला : वर येऊन खाणारा मासा आधी हेरावा, त्या घटकेला पाण्यावर असलेल्या किड्याची नक्कल बांधावी, ती प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकावी. शिष्यांनी त्याचं धर्मशास्त्र केलं. निंफ चालते की नाही यावर १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वाद झडला. पण टेस्ट ही खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या झऱ्यांवर पोसलेली नदी. पाणी नितळ, संथ. मासा फ्लाय निवांत न्याहाळतो. ही अडचण त्या नदीची आहे, ड्राय फ्लायची नव्हे. हिमाचलातल्या तीर्थनसारख्या दगडाधोंड्यांच्या नदीत घास क्षणात पुढे निघून जातो. चिकित्सेला वेळ कुठला? नकलेचंही तसंच. १९२२ साली मिशिगनच्या लेन हॅलाडे यांनी बांधलेली अ‍ॅडम्स ही फ्लाय कुठल्याही एका किड्याची हुबेहूब प्रतिकृती नाही, तरी शंभर वर्षं चालते आहे.

नवशिक्याचा खरा वैरी वेगळाच : दोराची ओढ. समजा मधली धार वेगवान आहे, पलीकडच्या काठाशी पाणी संथ आहे, आणि फ्लाय तिथे पडली. क्षणभर ती ठीक वाहते. मग धारेत पडलेला दोर खाली वाकतो, ताणतो, आणि फ्लाय आडवी सरकू लागते; तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ फाटत जाते. प्रवाहाबरोबर वाहणारा मेफ्लाय असा पळत नाही. ट्राउट तोंड फिरवतो. चूक डोळ्यांदेखत झाली, कारणही समोर पडलेलं. दोर उचलून वरच्या अंगाला पलटावा. त्याहून सोपं म्हणजे जवळ जावं, वीस-पंचवीस फुटांवरून टाकावं आणि काठी उंच धरून दोर धारेला शक्यतो टेकूच देऊ नये. साठ फूट फेकण्याची हौस हिरवळीवर फेडावी.

हीच ओढ निंफलाही लागते, फक्त दिसत नाही. मासा आलाच नाही, की तोंडात घेऊन थुंकून गेला, हेही नवशिक्याला कळत नाही. सोपं म्हणून जे शिकवतात त्यात चूक झाकलेली राहते, एवढंच.

मासा वर येतच नसेल तर? मग खुशाल निंफ बांधावी. हॅलफर्डपंथीयांसारखं काठावर हटून बसण्यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही. पाण्यावर ओढ पाहून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याला पाण्याखालची निंफ कुठे अडते आहे हे दोराच्या टोकावरून ताडता येऊ लागतं.