दिवाणखान्यातले हरणाचे मुंडके : कातडे कसे कमावले आहे, ते आधी पाहा

ग्वाल्हेर, इंदूर, देवास इथल्या जुन्या मराठी घरांतून दिवाणखान्यात चितळाचे, सांबराचे किंवा काळविटाचे मुंडके अजून टांगलेले दिसते. शिंदे-होळकरांच्या काळात सरदार-मानकऱ्यांच्या घरी शिकारीची रीत होती, त्यातले हे उरलेले. सभासदांकडून याबाबत नेहमी एकच विचारणा होते : हे स्वच्छ कसे करायचे? त्याचे उत्तर कातडे कोणत्या पद्धतीने कमावले आहे यावर ठरते.

आम्ही हे चूक करून शिकलो. एका दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या वेळचे चितळ खाली काढून साबणाच्या ओल्या फडक्याने चांगले रगडून पुसले. पंख्याखाली वाळवले. आठवड्याभरात एक कान सुरकुतून आत वळला आणि गळ्याखालची शिवण उसवली. कातडे तुरटीचे होते.

कच्चे कातडे ओले असेपर्यंत कुजते आणि वाळले की लाकडासारखे कडक होते. कमावणे म्हणजे त्यातल्या तंतूंना असे काही धरायला देणे, की ते कुजूही नये आणि लवचिकही राहावे. हरणाच्या बाबतीत अडचण केसांची. उष्ण हवेत कातडे सोलल्यावर काही तासांतच केसांची मुळे सैल होऊ लागतात. म्हणून ओठ, कान, पापण्या आतून उकलून, मांस खरवडून, लगेच भरपूर मीठ चोळावे लागते. या पायरीला उशीर झाला तर पुढची कोणतीही पद्धत केस वाचवू शकत नाही. जुन्या मुंडक्यांवर नाकापाशी किंवा डोळ्यांभोवती टक्कल दिसते ते पुष्कळदा तेव्हाचेच असते, कसरीचे नव्हे.

तुरटी-मिठाची पद्धत सर्वांत सोपी आणि स्वस्त. कातडे पांढरे, पातळ, ताणले जाणारे होते, त्यामुळे डोळे-नाकाभोवती नीट बसवता येते. पण तुरटीची पकड कच्ची असते. पाणी लागले की ती धुऊन निघते आणि खाली जवळजवळ कच्चे कातडे उरते. शिवाय तुरटी आम्लधर्मी असल्याने काही दशकांनी कातडे आतून ठिसूळ होते. उरलेले मीठ पावसाळ्यात ओल ओढते. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर आणि पाठोपाठ श्रावणाची दमट हवा. या ओढाताणीत शिवणी उघडतात.

झाडाच्या सालीची पद्धत याच्या अगदी उलट. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांतले टॅनिन तंतूंना घट्ट धरते आणि सहज सुटत नाही. महाराष्ट्रात ढोर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. कातड्याची पिशवी शिवायची, तीत सालीचे पाणी भरून टांगायची आणि ते झिरपू द्यायचे. मोट, पखाल, चपला यांना याहून चांगले कातडे नाही. पण ते जाड, तपकिरी आणि ताणाला हट्टी, केसांचा रंगही गडद होतो. म्हणून हरणाच्या तोंडाला ही पद्धत क्वचितच बरी.

क्रोमची पद्धत कारखान्याची. कातडे निळसर होते, उष्णता आणि पाणी दोन्ही सोसते. बुटांना उत्तम, पण ओठाच्या बारीक घडीला तसे सोयीचे नाही. अमेरिकेत हरणाची शिकार परवान्याने चालते, त्यामुळे हा धंदा तिथे आजही जोरात आहे. तिथे मिठानंतर कातडे आम्लाच्या पाण्यात मुरवतात, तासून पातळ करतात, आम्ल मारतात आणि ॲल्युमिनियमयुक्त तयार रसायनाने कमावून तेल देतात. तुरटीचाच हा सुधारलेला अवतार म्हणायचा. काही जण कमावतच नाहीत, टाकणखाराची पूड लावून कातडे साच्यावर चढवतात. काम झटपट होते, पण वाळताना कातडे फार आक्रसते. आमच्या मते टिकाऊपणात ही पद्धत सर्वांत मागे.

आपल्या घरचे मुंडके कोणते, हे भिंतीवरून उतरवून फळीच्या कडेला कातड्याची आतली बाजू दिसली तर कळते. पांढरी, कागदासारखी असेल तर तुरटी. तपकिरी असेल तर साल. निळसर-करडी असेल तर क्रोम. शंका असेल तर तुरटीचेच समजावे आणि पाणी अजिबात लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. कातडे कसेही कमावलेले असो, किडीपासून वाचवायला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावण्याची चाल होती. फ्रान्समधल्या बेकूर नावाच्या औषधविक्याने अठराव्या शतकात सोमलाचा साबण काढला आणि तो विसाव्या शतकातही बराच काळ वापरात राहिला. सोमल उडून जात नाही, शंभर वर्षांनीही धुळीत असतो, आणि नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. म्हणून जुन्या मुंडक्याला नातवंडांचे हात लागू देऊ नयेत. झाडताना मास्क आणि हातमोजे घालावेत, मऊ ब्रशने केसांच्या दिशेने हलकेच झाडावे, खाली ओले कापड पसरावे आणि नंतर ते टाकून द्यावे. फडक्याने झटकणे नको, घरातला साधा व्हॅक्यूमही नको, कारण तो बारीक धूळ खोलीतच परत सोडतो. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि पाळणा यांपासून मुंडके दूर हवे.

बँकेत असताना कागद आधी पाहायची सवय लागली, म्हणून तेही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा वस्तूला मालकीचे प्रमाणपत्र लागते. ती विकता येत नाही. वारशाने आली तर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव अभिरक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तसे लेखी कळवावे लागते. घरातले वडीलधारे गेल्यावर मुदत ठेवी आणि घराची कागदपत्रे लगेच शोधली जातात, भिंतीवरचे चितळ कुणाच्या लक्षात राहत नाही. दुरुस्तीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. प्रमाणपत्र असून वस्तू ठेवायची नसेल तर ती वनखात्याकडे जमा करता येते, मात्र तिचा मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्राची एक प्रत मुंडक्याच्या फळीमागे पाकिटात आणि मूळ प्रत घराच्या कागदांत ठेवावी.