हाड खाणाऱ्या निरोपाचं कूळ

धाराशिवची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला जातात त्या बार्शीत 1973 साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. 2006 मध्ये हा आजार मराठवाड्यात परतला, तेव्हा धाराशिव जिल्हाही सुटला नाही. या आजारात ताप काही दिवसांत उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. त्या सांध्यांचा माग काढताना मी थेट दातांच्या किटणापाशी पोचलो.

बार्शीच्या साथीआधी वर्षभर, 1972 मध्ये, अमेरिकेत हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दातांच्या किटणातल्या द्रव्याने चेतवल्या. त्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, तो द्रव हाडाला लावला तर हाड झिजू लागलं. शरीर राखणाऱ्या पेशीच हाड खाण्याचा निरोप धाडत होत्या! त्या द्रवातला एक घटक, इंटरल्युकिन-1, 1985 मध्ये ओळखला गेला. या निरोपाचा मुख्य रेणू 1997-98 मध्ये चार गटांना चार नावांनी सापडला. आज त्याला रँक-एल म्हणतात. कुणाला तो पांढऱ्या पेशींपैकी टी पेशींच्या अभ्यासात मिळाला, कुणाला हाडांच्या.

मग निरोप मूळचा कुणाचा, टी पेशींचा की हाडाचा? 1999 मध्ये संधिवात झालेल्या उंदरांवरून बोट टी पेशींकडे गेलं. पण पुढच्याच वर्षी जपानच्या ताकायानागींनी दाखवलं की टी पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा हाड खाणाऱ्या पेशी घडूच देत नाही. मी हाडाच्या बाजूचा आहे. रँक-एल नसलेल्या उंदरांत हाड खाणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत आणि दात हिरडीतून वर येत नाहीत. म्हणजे कुठलाही आजार नसतानाही वाढीसाठी हा निरोप लागतोच. आजार तो फक्त उसना घेतो. विरोधक म्हणतील, त्याच उंदरांत लसिका ग्रंथीही नसतात, म्हणजे निरोप रोगप्रतिकार यंत्रणेचाही आहे. मुद्दा खरा आहे. पण 2012 मध्ये दिसलं की चिकुनगुनियाचा विषाणू माणसाच्या हाड बांधणाऱ्या पेशींतच शिरतो. मग त्या पेशी रँक-एल आणि इंटरल्युकिन-6 सोडतात, आणि रँक-एलला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन घटतं. टी पेशींशिवायच घरातल्या माणसाने कडी काढून द्यावी, तसं हे झालं. माझ्या लेखी निकाल इथेच लागतो.

टी पेशींची हाड वाचवणारी बाजू मात्र पुण्यात उजळली. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने 2003 मध्ये टी पेशींच्याच इंटरल्युकिन-3ची करामत दाखवली. हाड खाणाऱ्या पेशी होऊ घातलेल्या उंदरांच्या पेशींना ते मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या वाटेला लावतं, आणि त्या पुन्हा माघारी फिरत नाहीत. 2010 मध्ये माणसाच्या पेशींतही अशीच रोखणूक दिसली. तिथे त्या डेंड्रिटिक या रोगप्रतिकारक पेशींच्या वाटेला लागतात. म्हणूनच हाडांच्या झिजेचं सगळं खापर टी पेशींवर फोडणं मला मान्य नाही. सांधा वाचवायला त्यांना सरसकट दाबलं, तर इंटरल्युकिन-3चा हा आधारही जाईल, असं माझं मत आहे.