तेवीस पौंडांचा हिशोब

१९७३च्या ग्रँड नॅशनलची चित्रफीत यूट्यूबवर आहे. निकाल पाठ असूनही ती पाहताना दर वेळी हरणाऱ्या घोड्यासाठीच माझा जीव तुटतो.

लिव्हरपूलच्या एन्ट्री रेसकोर्सवरची ही हँडिकॅप स्टीपलचेस. १९७३मध्ये अंतर सात किलोमीटरहून थोडं जास्त होतं, वाटेत ३० उड्या. घोडा जितका तगडा, तितकं त्याच्या पाठीवर जास्त वजन: जॉकी, खोगीर, आणि कमी पडलंच तर शिशाच्या पट्ट्या. सगळे घोडे एकदमच रेषेवर पोचावेत, हे वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं स्वप्न. सर्व्हरवर लोड वाटणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच पटतं. फक्त, सर्व्हर दमलेला दिसत नाही.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्रिस्पवर १६८ पौंड होते. साउथपोर्टच्या समुद्रकिनारी जिंजर मॅकेननं तयार केलेल्या रेड रमवर १४५. फरक २३ पौंडांचा, म्हणजे साडेदहा किलो. पाठीवर तांदळाची दहा किलोची गोणी घेऊन जिने चढून बघा!

क्रिस्पनं ते वजन जणू विसरूनच उड्या मारल्या. बाकीचे घोडे इतके मागे पडले की तो एकटाच धावतोय असं वाटावं. शेवटची उडी झाली तेव्हाही तो बराच पुढे होता. मग साडेचारशे मीटरची सपाट वाट उरली आणि त्याचे पाय जड झाले. जॉकी रिचर्ड पिटमननं चाबूक उगारला, तसा घोडा डावीकडे भरकटला. ही चूक आपलीच, असं पिटमन पुढे मुलाखतींत सांगत राहिला. मला तो स्वतःवर अन्याय करतोय असं वाटतं; तोवर घोड्यात काही उरलंच नव्हतं. ब्रायन फ्लेचरनं रेड रमला अगदी शेवटच्या काही ढांगांत पुढे काढलं.

फरक पाऊण लांबीचा, म्हणजे जेमतेम दोन मीटर. १९३५चा ९ मिनिटं २० सेकंदांचा विक्रम दोन्ही घोड्यांनी मोडला. हँडिकॅपरच्या दृष्टीनं यापेक्षा अचूक गणित सापडणं कठीण. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो क्रिस्पच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉनकास्टरला दोघे समान वजनावर भिडले. क्रिस्प आठ लांबींनी जिंकला. आणि १९७४च्या नॅशनलमध्ये हँडिकॅपरनं ते १६८ पौंड रेड रमच्या पाठीवर ठेवले. तो तेही घेऊन जिंकला.