संक्रांत सरकते कशी?

१४ जानेवारीच्या आसपास व्हिडिओ कॉलवर आजी सांगते, "आजपासून उत्तरायण, आता दिवस मोठा होणार." तुम्ही लंडनमध्ये असाल तर फोनवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बघा. दिवस २१-२२ डिसेंबरपासूनच वाढायला लागलाय, आणि संक्रांतीपर्यंत तो जवळपास अर्ध्या तासानं मोठा झालाय. मग आजी चुकली का? नाही. तिचं म्हणणं एके काळी अगदी बरोबर होतं.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. डिसेंबरात उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकलेला असतो, म्हणून ऊन तिरपं आणि दिवस लहान. सूर्यापासूनच्या अंतरामुळे थंडी पडत नाही. उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

पण हा आस भोवऱ्यासारखा डुलतोही. त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक दिवस. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी ती आणि वर्षातला सर्वांत लहान दिवस एकत्र येत. त्यानंतर ती पुढे सरकत राहिली.

इतिहासात हे सरकणं दिसतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, पण तारीख होती १२ जानेवारी. पानिपतची लढाई संक्रांतीलाच झाली असं पुष्कळ जण सांगतात. ती झाली १४ जानेवारी १७६१ला. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांना ही तफावत खटकत होती. पंचांग ऋतूंना धरून, म्हणजे 'सायन' असावं, असं त्यांचं मत होतं. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचं वर्ष ऋतूंशी बांधलेलं आहे. सण मात्र आपण अजून ताऱ्यांवरूनच धरतो.

असंच चालू राहिलं तर सुमारे तेराशे वर्षांनी संक्रांत फेब्रुवारीत येईल. तीळ आणि गूळ हा तर थंडीचा खाऊ. तेव्हा सण ताऱ्यांबरोबर जाऊ द्यायचा, की थंडीबरोबर ठेवायचा? यंदा तिळगूळ घेताना आजीला विचारून बघा.