ओडेलचा पंप आणि आमचा जुना पी. बी. रोड

मध्यंतरी लेकीकडे शिकागोला जाणं झालं. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला एक जुना पेट्रोल पंप दाखवतो." म्हटलं, पंपात काय बघायचं? पण गेलो.

शिकागोपासून दीड तासावर ओडेल हे खेडं. वस्ती हजारेक. शिकागो ते लॉस एंजेलिस हा रूट ६६ रस्ता १९२६ सालचा. तो या गावातून जायचा. पॅट्रिक ओडॉनेल यांनी १९३२ मध्ये इथं पंप बांधला. घरासारखी बैठी इमारत, पुढे गाडीपुरतं छप्पर. गावात वर्दळ इतकी वाढली की लोकांना पलीकडे जायला १९३७ मध्ये रस्त्याखालून वाट काढावी लागली! चाळीसच्या दशकात हमरस्ता गावाबाहेरून वळला आणि वर्दळ आटली. साठच्या दशकात पेट्रोल विक्री थांबली, मग तिथं गाड्या दुरुस्त होऊ लागल्या. शेवटी १९९९ मध्ये गावानेच ती वास्तू विकत घेतली आणि पूर्वीसारखी उभी केली.

ते सगळं बघताना मला आप्पा आठवले.

आमचे आप्पा जुन्या पी. बी. रोडवरच्या बर्माशेलच्या पंपावर हिशेबनीस होते. मी लहान असताना तिथं हाताने चालवायचा पंप होता. वर काचेची दोन भांडी, एक भरेपर्यंत दुसरं गाडीत रिकामं व्हायचं. रोज सकाळी आप्पा टाकीत काठी सोडून माल मोजायचे आणि वहीशी ताळा घालायचे. निपाणीहून तंबाखू घेऊन येणारे ट्रकवाले उधारीवर डिझेल भरायचे. उधारीला जामीन कोण, तर आप्पांचा शब्द. मी पुढे कॉमर्स केलं, बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण ताळेबंद शिकलो तो त्या पंपावर.

१९७६ मध्ये बर्माशेल सरकारने ताब्यात घेतली, पाटी बदलली. आप्पांची वही तीच राहिली. पुढे बायपास झाला, ट्रक बाहेरून जाऊ लागले आणि काही वर्षांत पंप बंद पडला. आता तिथं दुकानगाळे आहेत.

ओडेलला एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगत होते. मी आप्पांबद्दल बोललो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "त्या पंपाचा फोटो आहे का?" मान हलवली, नाही म्हणून. आप्पा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा पंपावरचा एकसुद्धा फोटो आमच्याकडे नाही. वह्या तर मीच घर बदलताना रद्दीत घातल्या. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं जपली आणि घरचीच घालवली.

हजार वस्तीच्या गावाने आपला पंप राखला. आपल्याला निदान आठवण राखता येईल. कुणाच्या घरी जुन्या पी. बी. रोडचा, पंपाचा, ट्रक अड्ड्याचा फोटो असेल, अगदी लग्नाच्या वरातीत मागे दिसत असला तरी चालेल, कृपया इथं टाका. मी वाट बघतोय.