बाकोबा आणि २२०० वर्षांची उधारी

बाबाबा, बाकोबा, कोबाको... मराठीत भूमिती शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ही नावं पाठ असतात. पण बाकोबा सिद्ध कशी करायची? म्हणजे दोन त्रिकोणांच्या दोन-दोन बाजू आणि त्यांमधला कोन सारखा, तर तिसरी बाजूही सारखीच, हे कशावरून?

इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकातल्या चौथ्याच प्रमेयात याची सिद्धता दिली. कशी? एक त्रिकोण उचलला, दुसऱ्यावर ठेवला. बरोबर बसला, झालं!

आता गंमत बघा. दुसऱ्या प्रमेयात हाच गृहस्थ दिलेल्या बिंदूपासून दिलेल्या रेषेएवढी रेषा काढायला समभुज त्रिकोण आणि वर्तुळं काढत बसतो. उचलून ठेवणं चालत असेल तर ही यातायात कशाला? नेमका असाच आक्षेप १५५७ साली जाक पेलतिए या फ्रेंच गणितज्ञाने घेतला. पण सोडून देण्याइतकं हे प्रकरण किरकोळ नव्हतं. दोन बाजू तशाच ठेवून मधला कोन वाढवला की समोरची बाजू वाढते (कंपास उघडून बघा), हे २४ वं प्रमेयसुद्धा बाकोबावरच उभं आहे.

शेवटी १८९९ साली जर्मनीत डाव्हिड हिल्बर्टने उधारी मिटवली. बाकोबाचा गाभा त्याने सरळ गृहीतक म्हणून मांडला आणि तो बाकीच्या गृहीतकांतून निघू शकत नाही हेही दाखवलं.

पटत नाही? एक शहर घ्या, सगळे रस्ते काटकोनात. अंतर टॅक्सीच्या मीटरने मोजायचं, कोन मात्र नेहमीसारखेच. एका चौकातून २ चौक उत्तरेला एक टोक, २ चौक पूर्वेला दुसरं. दोन टोकांमधलं अंतर ४. आता तोच काटकोन ४५ अंशांनी फिरवा. पहिलं टोक १ उत्तर-१ पूर्व, दुसरं १ दक्षिण-१ पूर्व. दोन्ही बाजू पुन्हा २-२, मधला कोन ९० च. पण टोकांमधलं अंतर? फक्त २! बाकोबा आपटली. हिल्बर्टची बाकीची गृहीतकं मात्र इथे शाबूत राहतात.

म्हणजे वस्तू फिरवली तरी तिची मापं बदलत नाहीत, हे तर्कातून निघत नाही. ते आपण मान्य करतो. युक्लिडचं उत्तर बरोबरच होतं, फक्त हे मान्य केल्याचं त्याने कुठे लिहिलं नव्हतं. कोडमध्ये न लिहिलेलं असम्प्शन किती महागात पडतं, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको. इथे ते नीट लिहून काढायला २२०० वर्षं लागली.