बालाघाटाच्या ओल्या कातळाकडे : प्रस्तावना

बीड जिल्ह्याचे नाव घेतले की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड आठवते. यकृतका या चिमुकल्या वनस्पतींच्या फलनाला तर पाण्याचा थेंब लागतोच. तेव्हा त्यांची ओळख याच जिल्ह्यात करून घ्यावी, असे सुचवले तर वाचकांना नवल वाटेल. पण सौताड्याला विंचरणा नदी बालाघाटाच्या कड्यावरून खाली झेपावते, मांजरसुंब्याजवळ कपिलधार धबधबा आहे. अशा दऱ्यांतली सावली आणि ओल यकृतकांना पोसणारी आहे. कोरड्या मुलखातली वनस्पती पाणी नसताना काय करते, हे पाहायला मला तरी घाटमाथ्यापेक्षा ही जागा अधिक शिकवणारी वाटते.

यकृतका म्हणजे मॉसच्या भाऊबंदांतल्या, मुळे, फुले, बिया नसलेल्या वनस्पती. जगात त्यांच्या सुमारे ७,००० जाती आहेत, तरी आपण त्यांना सरसकट शेवाळ म्हणून ओलांडून जातो. दख्खनच्या पठारावर आढळणारी प्लॅजिओकॅझ्मा ही प्रजाती जरा थांबून पाहा. पावसाने उघडीप दिली की तिच्या हिरव्या पट्टीच्या कडा वर वळतात, हिरवा भाग झाकला जातो आणि खालचे जांभळट-काळे खवले तेवढे दिसतात. वाटते, संपली. पाणी मिळाले की ती पुन्हा उलगडते. ओल्या मातीवर चकतीसारखी पसरणारी रिक्सिया तर आपले बीजाणू अंगातच वाढवते; अंग कुजले की ते मातीत मिसळतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

मग यांतली एखादी जाती ‘असुरक्षित’ कशी ठरते? आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांपैकी एक असा, की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत तिची संख्या किमान ३० टक्क्यांनी घटलेली असावी. घट मोजायची तर आधीची नोंद हवी. वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप यांनी १९१४ साली पश्चिम हिमालयातील ऐचिसोनिएला हिमालयेन्सिस या यकृतकेचे वर्णन केले. तिची आजची चिंता करताना हाताशी आधार आहे, तो अशा नोंदींचा. बालाघाटातल्या ओढ्या-कपारींनाही असा नोंद ठेवणारा हवा.

वाचकांनी श्रावण-भाद्रपदात दहापट भिंग आणि वही घेऊन निघावे. गाव, तारीख, खडक की माती, ऊन की सावली, एवढे टिपावे. छायाचित्र जवळून घ्यावे. कातळ मात्र खरवडू नये.